पडदा अंगणात लावायचा तर: जुने कौटुंबिक विनोदी चित्रपट तीन पिढ्यांनी एकत्र पाहण्यासाठी

दिग्दर्शक मिरजेत जन्मलेले राजा परांजपे, लेखक-गीतकार आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मलेले ग. दि. माडगूळकर आणि पडद्यावर खटाव तालुक्यातल्या सिद्धेश्वर कुरोलीचे राजा गोसावी. 1952 सालचा ‘लाखाची गोष्ट’ म्हणजे आपल्या सांगली-साताऱ्याच्या मातीतल्या माणसांनी जमवून आणलेला चित्रपट. तरी आज घरातल्या पोरांना तो मोबाइलवर लावून द्या, दहाव्या मिनिटाला अंगठा पुढे सरकवायला लागतो. यात दोष पोरांचा नाही आणि चित्रपटाचाही नाही. हे चित्रपट भरलेल्या थिएटरसाठी बांधले आहेत. विनोद झाला की पुढचे दोन-तीन सेकंद नट महत्त्वाचं काही बोलत नाही, कारण तेवढा वेळ लोक हसणार हे गृहीत धरलेलं असतं. एकट्यानं पाहताना ती जागा रिकामी राहते आणि चित्रपट संथ वाटतो. तीच जागा सतरंजीवर बसलेल्या तीस माणसांच्या हशानं भरली की चित्रपटाची चाल बरोबर लागते.

म्हणून हे चित्रपट दाखवायचे तर माणसं जमवूनच दाखवावेत. सांगलीच्या गावभागातल्या वाड्याचं अंगण, विश्रामबागेतल्या सोसायटीची गच्ची, साताऱ्यातल्या एखाद्या आळीतलं देवळाचं पटांगण, कुठेही जमतं. पुढची सगळी मापं साधारण 30 माणसं धरून दिली आहेत. पहिल्यांदा करताना याहून मोठा घाट घालू नका.

कोणता चित्रपट आधी

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. हौसेनं पहिल्याच दिवशी 1938 सालचा ‘ब्रह्मचारी’ लावला जातो. आचार्य अत्र्यांचं लेखन, मास्टर विनायकांचं दिग्दर्शन. चित्रपट मोलाचा आहे, पण त्या काळची बोलायची लय आणि ध्वनिमुद्रण या दोन्हींना कान सरावलेले नसतात. मुलं उठून जातात आणि ‘जुनं म्हणजे कंटाळवाणं’ ही त्यांची समजूत पक्की होते. जुन्याकडे उलट्या दिशेनं जायचं. आधी रंगीत आणि ओळखीचं, मग कृष्णधवल.

पहिल्या बैठकीला ‘अशी ही बनवाबनवी’ (1988) घ्यावा. आजी-आजोबांना पाठ असतो, आई-बाबांच्या बालपणातला असतो आणि मुलांनी त्याचे तुकडे फोनवर पाहिलेले असतात. तुकडे पाहिलेल्या मुलांना अख्खा चित्रपट पाहताना फार आनंद होतो, कारण तो संवाद नक्की कुठून आला हे त्यांना पहिल्यांदाच कळतं. दुसऱ्या बैठकीला ‘गोलमाल’ (1979) चांगला. भाषा हिंदी असली तरी घोटाळा आपल्या घरातला वाटतो. या दोन्हींचं एक नातंही आहे. ‘बनवाबनवी’चं मूळ कथासूत्र हृषिकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ (1966) या चित्रपटातलं आणि ‘गोलमाल’चे दिग्दर्शकही तेच. तिसऱ्या बैठकीपर्यंत कान तयार होतात, मग ‘लाखाची गोष्ट’ किंवा पु. लं.चा ‘गुळाचा गणपती’ (1953) लावा. ‘ब्रह्मचारी’ त्याच्याही नंतर.

घरात पाच-सात वर्षांची मुलं जास्त असतील तर मुख्य चित्रपटाआधी चार्ली चॅप्लिनचा एखादा लघुपट जोडावा. ‘द इमिग्रंट’ (1917) साधारण 25 मिनिटांचा आहे आणि त्याला भाषेची अडचणच नाही. त्यातला खाणावळीचा प्रसंग आधी स्वतः नीट पाहून ठेवा. भुकेल्या चार्लीला रस्त्यावर एक नाणं सापडतं, तो ते खिशात टाकतो आणि खिशाला भोक असल्यामुळे ते खाली पडतं. हे त्याला माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. तो आत जाऊन ऐटीत जेवण मागवतो. तेवढ्यात धिप्पाड वेटर पैसे कमी पडलेल्या एका गिऱ्हाइकाला बदडून बाहेर काढतो. तिथून पुढे चार्लीचा प्रत्येक घास आपल्याच घशात अडकतो. मुलं हसतात, पण हसताना ती भुकेल्या माणसाच्या बाजूला असतात. कुणाच्या बाजूनं हसायचं, हे अशा प्रसंगातून मुलांना आपोआप कळतं.

द्व्यर्थी संवादांवर उभे असलेले चित्रपट या बैठकीत नकोत. त्यांचा प्रेक्षक वेगळा, त्यांची बैठकही वेगळी. आजोबा आणि नात शेजारी बसले असताना कुणालाही मान खाली घालावी लागू नये, ही साधी कसोटी लावली की यादी आपोआप गाळून निघते.

आधी स्वतः पूर्ण पाहा

ही पायरी कुणीही टाळू नये. इंटरनेटवर जुन्या चित्रपटांच्या ज्या प्रती मिळतात त्यांत कधी गाणी उडवलेली असतात, कधी मध्येच एक रीळ गायब असतं, कधी शेवटची पाच मिनिटंच नसतात. घोटाळ्याच्या चित्रपटात शेवट गेला तर सगळंच गेलं, कारण उलगडा तिथेच असतो. कार्यक्रमाच्या किमान आठवडाभर आधी वही घेऊन बसा आणि तीन गोष्टी टिपा: मध्यंतर कुठे आहे, प्रत कुठे अडखळते आणि आज खटकेल असं कुठे काय आहे.

खटकणारं सापडेलच. जाड माणसावर, काळ्या रंगावर, तोतरं बोलण्यावर केलेले विनोद त्या काळात सर्रास होते. एखाद्या ठिकाणी नवरा बायकोवर हात उगारतो आणि पार्श्वसंगीत गमतीचं वाजतं. अशा जागा पुढे ढकलून दाखवू नका. पुढे ढकललं की मुलांचं लक्ष नेमकं तिथेच जातं. जागा टिपून ठेवा आणि चित्रपट संपल्यावर मोठ्या माणसानं एका वाक्यात सांगावं, ‘तेव्हा यावर लोक हसायचे, आपण हसत नाही.’ एवढंच पुरतं. मात्र अशा जागा चार-पाचपेक्षा जास्त निघाल्या तर तो चित्रपट बाजूला ठेवून दुसरा निवडा.

हक्कांचं काय

घरच्या घरी, घरच्या माणसांत पाहण्यात अडचण नाही. सोसायटी, मंडळ, शाळा अशा ठिकाणी जाहीर बोलावणं देऊन दाखवायचं असेल तर हक्कदाराची परवानगी लागते. तिकीट लावलं नाही म्हणून परवानगीतून सुटका होत नाही, आणि ओटीटीची वर्गणी घरगुती वापरापुरतीच असते. भारतीय कायद्यात चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. त्यामुळे 1988 चा चित्रपट 2048 अखेरपर्यंत हक्कात आहे. 1952 च्या चित्रपटाची ती मुदत 2012 अखेर संपली, पण लेखक आणि गीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. गदिमा 1977 साली गेले, हे लक्षात घेतलं की ‘जुना आहे, म्हणजे मोकळा’ हा समज का चुकीचा ते कळतं. मोठा कार्यक्रम असेल तर निर्माते किंवा वितरक यांच्याकडे लेखी विचारणा करा. दोन ओळींचं पत्र पुरतं, फक्त ते वेळेत पाठवा.

पडदा आणि प्रोजेक्टर

1950 च्या आधीचे, आणि आपल्याकडचे त्यानंतरचेही बरेच चित्रपट 4:3 आकाराचे आहेत, म्हणजे रुंदी 4 तर उंची 3. आजचे प्रोजेक्टर 16:9 चे. इथे हिशेब चुकला की चित्र लहान तरी होतं, नाहीतर ताणलं जातं आणि सगळी माणसं बुटकी, जाडी दिसायला लागतात. सेटिंगमध्ये ‘फुल’ किंवा ‘स्ट्रेच’ असेल तर ते काढून 4:3 किंवा ‘ओरिजिनल’ करा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील. त्या यायलाच हव्यात.

30 माणसांना 8 फूट रुंद, 6 फूट उंच चित्र भरपूर होतं. पांढरी, साधी, न चमकणारी डबल बेडशीट 90 बाय 108 इंचांची मिळते, म्हणजे साडेसात फूट बाय नऊ फूट. त्यात हे चित्र जोड न देता बसतं. मांजरपाट घेतला तर पन्ना कमी पडतो, दोन पट्टे जोडावे लागतात आणि ती शिवण नेमकी नटाच्या तोंडावरून जाते. चादरीला मागून काळं किंवा गडद कापड लावा, नाहीतर अर्धा प्रकाश आरपार निघून जातो. वरच्या आणि खालच्या कडेला नेफा शिवून वर बांबू आणि खाली पीव्हीसी पाइप घाला. खालच्या पाइपला दोन्ही टोकांना दोरी बांधून ती विटेला अडकवा. दोरी जरा ढिलीच ठेवा. ताठ बांधलेला पडदा वाऱ्यानं शिडासारखा फुगतो, ढिला असला की हलतो आणि परत जागेवर येतो. चित्राची खालची कड जमिनीपासून 3 फुटांवर हवी, म्हणजे पुढे बसलेल्यांची डोकी आड येत नाहीत.

आता प्रोजेक्टरचं अंतर. 4:3 चं चित्र 8 फूट रुंद हवं असेल तर 16:9 च्या प्रोजेक्टरला काळ्या पट्ट्यांसकट 10 फूट 8 इंच रुंदी टाकावी लागते. पट्ट्यांचा भाग चादरीबाहेर गेला तरी बिघडत नाही, तिथे अंधारच असतो. प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात ‘थ्रो रेशो’ (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) दिलेला असतो. तो 1.5 असेल तर 10 फूट 8 इंच गुणिले 1.5, म्हणजे 16 फूट. हे अंतर आदल्या दिवशीच टेपनं मोजून खडूनं खूण करून ठेवा. जागा 12 फुटांचीच निघाली तर चित्र 6 फूट रुंद करा. प्रोजेक्टर भिंतीत घुसवता येत नाही.

उजेडाच्या बाबतीत खोक्यावर छापलेल्या हजारोंच्या आकड्याला भुलू नका. ‘अँसी ल्युमेन’, म्हणजे ठरलेल्या पद्धतीनं मोजलेला उजेड, किती ते विचारा. पूर्ण अंधारात आणि चांगल्या पडद्यावर या मापाला 1000 अँसी ल्युमेन चालतात. चादर थोडा उजेड खाते आणि रस्त्यावरचा दिवा अंगणात येतोच, म्हणून 2000 चा प्रोजेक्टर भाड्यानं आणावा. कृष्णधवल चित्रपटात तर हे जास्तच जाणवतं, कारण उजेड कमी पडला की काळा आणि करडा एक होतात आणि नटाच्या भुवया दिसेनाशा होतात. विनोदी नटाचा अर्धा अभिनय भुवयांत असतो.

चित्र वरून रुंद, खालून अरुंद दिसत असेल तर प्रोजेक्टर फार तिरका ठेवला आहे. यंत्रातली दुरुस्ती (कीस्टोन) वापरण्यापेक्षा टेबल उंच करा. त्या दुरुस्तीत चित्राची धार जाते. टीव्हीवरच दाखवणार असाल तर त्यातली हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करा, नाहीतर जुना चित्रपट मालिकेसारखा दिसतो.

आवाज

खरं सांगायचं तर चित्र थोडं डावं असलं तरी चालतं, आवाज मात्र बरोबरच हवा. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं तेव्हापासून सांगलीला नाटकं ऐकायची सवय आहे, आणि इथल्या जुन्या माणसांना एक शब्द जरी हुकला तरी रुखरुख लागते.

ब्लूटूथ वापरू नका, ही पहिली गोष्ट. ब्लूटूथनं आवाज सेकंदाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यानं मागे पडू शकतो. सेकंदाला 24 फ्रेमच्या हिशेबानं ते चार-पाच फ्रेम झाले. गाण्यात हे एकवेळ चालून जातं. पण थोबाडीत बसल्यानंतर ‘चट’ ऐकू आलं, ओठ मिटल्यावर शब्द आला, की विनोद मेला. लोकांना नेमकं काय बिघडलं ते सांगता येत नाही, ते फक्त हसत नाहीत. प्रोजेक्टरपासून स्पीकरपर्यंत वायर टाका. 16 फुटांवरून पडद्यापर्यंत जायचं तर कडेनं वळवून 30 फुटांची वायर लागते. ती आधीच आणून ठेवा, ऐनवेळी 5 फुटांची तेवढी हाताशी असते.

दुसरं, जुन्या चित्रपटांचा आवाज एकमार्गी (मोनो) असतो. ‘सराउंड’, ‘कॉन्सर्ट हॉल’ असली बटणं बंद ठेवा. ती चालू असली की संवाद विहिरीतून आल्यासारखे येतात. बास उतरवा, मधला पट्टा (मिड) थोडा चढवा. वरचा पट्टा (ट्रेबल) चढवायचा मोह होतो, पण त्यानं जुन्या ध्वनिपट्टीची खरखर वाढते. गणपतीत वाजणारा मोठा बास स्पीकर या कामाचा नाही. दोन मध्यम स्पीकर पडद्याच्या दोन बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, आत वळवून ठेवा. आवाज ठरवताना अंगण रिकामं असतं. माणसं भरली की ती आवाज शोषतात, वर हशाही असतो. म्हणून चाचणीत जेवढा पुरेसा वाटला त्याहून थोडा जास्त लावा, आणि एका माणसानं पूर्ण वेळ आवाजाच्या बटणाजवळ बसावं. गाण्यात कमी, संवादात जास्त, असं हातानं करावं लागतं.

ज्यांना कमी ऐकू येतं त्यांची खुर्ची स्पीकरच्या बाजूला, पण स्पीकरच्या अगदी तोंडासमोर नको. तीन-चार फूट अंतर ठेवा.

वेळ, वीज, वारा

सार्वजनिक जागी ध्वनिक्षेपक लावायला लेखी परवानगी लागते आणि रात्री 10 नंतर तो बंदच करावा लागतो. त्यामुळे वेळ शेवटाकडून मोजायची. एप्रिलच्या मध्याला सांगलीत सूर्य पावणेसातनंतर मावळतो आणि चित्र दिसण्याइतका अंधार पडायला साडेसात वाजतात. सव्वादोन तासांचा चित्रपट आणि 15 मिनिटांचं मध्यंतर धरलं की बरोबर 10 वाजतात. दहा मिनिटं जरी उशीर झाला तरी शेवट हुकला. डिसेंबरात सूर्य सहालाच मावळतो. पावणेसातला सुरू केलं की सव्वानऊला सगळे मोकळे. शिवाय एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वळवाचा भरवसा नसतो: आधी वारा सुटतो, पडदा उडतो आणि पाच मिनिटांत सरी येतात. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हा काळ सगळ्यात चांगला, फक्त आजी-आजोबांना शाल आणि कानटोपी आठवणीनं घ्यायला सांगा. पावसाळ्यात हा उद्योग उघड्यावर करूच नका.

प्रोजेक्टर, स्पीकर आणि लॅपटॉप एकाच तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या जोडवायरीवर घ्या. दोन वेगळ्या घरांतून वीज घेतली की स्पीकरमध्ये घुमघुम येते. दिव्याचा प्रोजेक्टर 250 ते 300 वॉट घेतो. वीज अचानक गेली की त्याचा पंखा थांबतो आणि तापलेला दिवा खराब होतो, म्हणून मध्ये इन्व्हर्टर असावा. जमिनीवरून जाणारी वायर सतरंजीखालून नेऊ नका, कडेनं न्या आणि जिथे ओलांडावी लागते तिथे रुंद चिकटपट्टी लावा. अंधारात पाणी प्यायला उठलेलं मूल तिथेच अडखळतं.

बसणं आणि खाणं

पहिली रांग पडद्यापासून 10 ते 12 फुटांवर. पुढे सतरंजी, तिच्यावर मुलं, मागे चटया, सगळ्यात मागे खुर्च्या. प्रोजेक्टरचं टेबल 16 फुटांवर म्हणजे माणसांच्या मधोमध येतं, म्हणून त्याच्यापुढे दीड फुटाची वाट मोकळी सोडा. टेबलाभोवती दोन खुर्च्या उलट्या ठेवा, म्हणजे कुणी रेलणार नाही.

खायला भडंग. माणशी 50 ग्रॅम धरलं तर 30 जणांना दीड किलो लागतो. तो द्रोणात वाढा. पुड्याच्या पुड्या वाटल्या की त्यांची कुरकुर संवादांवर चढते. वर्तमानपत्राच्या पुडीत वाढू नका, शाई खाण्याला लागते. चहा मध्यंतरातच, माणशी 100 मिलीलीटर म्हणजे 3 लिटर. साताऱ्यात असाल तर चहाबरोबर कंदी पेढा हवाच. चित्रपट चालू असताना काहीही वाटत फिरू नका. वाटणारा पडद्यासमोरून जातो तोच नेमका विनोदाचा क्षण असतो.

सुरू करण्याआधीची पाच मिनिटं

कथा सांगायची नाही. मुलांना माहीत नसलेल्या दोन-तीन गोष्टी तेवढ्या सांगायच्या, कारण विनोद त्यांच्यावर उभा असतो. ‘बनवाबनवी’आधी एवढं सांगा की पूर्वी एकट्या मुलांना शहरात खोली भाड्यानं मिळायची मारामार होती, घरमालक जोडप्यालाच जागा द्यायचे. हे कळलं नाही तर चौघांतले दोघे लुगडं का नेसतात हेच कळत नाही आणि उरतो तो नुसता सोंगाचा विनोद. आजच्या बऱ्याच मुलांच्या ताया-दादा पुण्यात खोली शोधत असतात, तेव्हा ही अडचण त्यांना चटकन पटते.

‘लाखाची गोष्ट’आधी लाखाची किंमत सांगा. त्यात मुलीच्या वडिलांनी घातलेली अट आहे की ठरल्या मुदतीत एक लाख रुपये खर्च करून दाखवा. आजच्या मुलाला वाटतं, त्यात काय, एक चांगला फोन आणि एक गाडी. 1952 च्या सुमारास 10 ग्रॅम सोनं शंभर रुपयांच्या आत मिळायचं. म्हणजे लाख रुपयांत 10 किलोहून जास्त सोनं. रुपयाचे 16 आणे होते आणि एका आण्याला किंमत होती. ज्यांनी आयुष्यात शंभराची नोट नीट पाहिली नाही अशा कफल्लकांना लाख रुपये उधळायला सांगितलेत, हे डोक्यात बसलं की पहिल्या प्रसंगापासून हसू येतं. हा हिशेब एखाद्या आजोबांनी सांगावा. त्यांच्या वेळच्या चहाची, एसटीच्या तिकिटाची किंमत ते आपोआप जोडतात.

संपल्यानंतरच्या गप्पा

तात्पर्य सांगायला कुणीही उभं राहू नये. ‘मग मुलांनो, यातून आपण काय शिकलो?’ असं विचारलं की मुलं शाळेतलं उत्तर देतात, ‘खोटं बोलू नये’, आणि विषय तिथेच मिटतो. हे उत्तर बरोबरही नाही, कारण चित्रपट त्याहून बरंच जास्त सांगत असतो.

‘गोलमाल’ घ्या. मॅच पाहायची म्हणून खोटं कारण सांगून रजा, रजेत मॅच पाहताना साहेबांच्या नजरेस पडणं, मग नोकरी टिकवायची म्हणून तो मी नव्हेच, माझा जुळा भाऊ, त्याला मिशी नाही, मला आहे. मग खोटी मिशी, मग उसनी आई. प्रत्येक खोटं आधीच्या खोट्याला टेकू द्यायला आलेलं असतं. हा जिना मुलांनाच उतरायला लावा. तीन प्रश्न पुरतात. पहिलं खोटं कधी बोललं गेलं? मध्ये थांबायची संधी कुठे होती? आणि त्या खोट्यामुळे कुणाला त्रास झाला? दुसऱ्या प्रश्नावर हमखास वाद होतो. एक मूल म्हणतं साहेबांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा, दुसरं म्हणतं छे, तेव्हा नोकरी गेली असती. वाद होऊ द्या, मोठ्यांनी मध्ये पडू नये. नोकरी की खरेपणा हा प्रश्न आठवीतल्या मुलाला इतक्या हसत-खेळत दुसरीकडे कुठे भेटणार?

भाषेकडेही लक्ष वेधा. ‘बनवाबनवी’त धनंजय लुगडं नेसलेल्या मित्राची बायको म्हणून ओळख करून देतो आणि तोंडातून ‘ही’ऐवजी ‘हा’ निघतं. एका अक्षराची चूक, पण तिच्यात सगळं पितळ उघडं पडायची भीती आहे. मराठीत शब्दागणिक लिंग सांभाळावं लागतं, म्हणून सोंग घेतलेल्या माणसाला प्रत्येक वाक्य म्हणजे परीक्षा. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना हा विनोद समजावून सांगितला तर मराठी व्याकरणाचा एक तास भरून निघतो. घरी जाताना ती ‘हा माझा ताई’ म्हणत एकमेकांना चिडवत जातात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या चित्रपटांत खोटं बोलणारी माणसं हावरी नसतात. त्यांना घर हवं असतं, नोकरी हवी असते, लग्न करायचं असतं. शेवटी ती पकडली जातात किंवा स्वतःहून कबूल करतात, आणि ज्यांना फसवलं गेलं तीच मोठी माणसं रागावून, मग विरघळून त्यांना जवळ घेतात. कबुली दिल्याशिवाय माफी नाही आणि कबुली दिल्यावर दारं बंद नाहीत. म्हणून गप्पांत एक प्रश्न मोठ्यांसाठी राखून ठेवा: ‘बनवाबनवी’तल्या घरमालकीणबाईंच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? घरातल्या आजी यावर मनापासून काय बोलतात ते मुलांनी समोर बसून ऐकावं. आपल्या हातून चूक झाली आणि ती सांगितली, तर या घरात आपल्याला जागा आहे की नाही, हे मुलाला त्या उत्तरातून कळतं. प्रश्न आजींना आदल्या दिवशी सांगून ठेवा, म्हणजे त्यांनाही विचार करायला रात्र मिळते.

गप्पा 15 मिनिटांत आवरा. झोप आलेल्या मुलाच्या डोक्यात काही शिरत नाही.

आवरताना

प्रोजेक्टरचं बटण बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका, दोन-तीन मिनिटं लागतात. घाईत हीच चूक होते आणि भाड्याच्या यंत्राचा दिवा आपल्या अंगावर येतो. चादर घडी घालू नका, पाइपावरच गुंडाळा. घडीच्या रेघा पुढच्या वेळी पडद्यावर दिसतात आणि इस्त्रीनंही पुरत्या जात नाहीत. गुंडाळलेल्या टोकाला चिठ्ठी लावा: टेबलाचं अंतर 16 फूट, चित्राची खालची कड जमिनीपासून 3 फूट, आवाज कितीवर होता तो आकडा आणि पुढच्या वेळी कोणता चित्रपट. सतरंज्या झटकताना शेंगदाणे निघतील, ते चिमण्यांसाठी अंगणातच राहू द्या.